ती पाटी टँकरची नव्हती

मित्रांनो, माझ्या अंगावर एकच अक्षर आहे. पांढऱ्या पत्र्यावर लाल रंगातलं ‘एल’. गाडी शिकणाऱ्याच्या मागे मला लावतात. पुढे असते माझी जुळी बहीण.

रंगाऱ्याच्या दुकानातून आम्ही थेट ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांकडे आलो. ते रोज सकाळी फडक्याने आम्हांला पुसत आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावत, “अक्षर झाकायचं नाही. दुचाकीवर असाल तर मागे कुणाला बसवायचं नाही. चारचाकी असेल तर शेजारी परवानाधारक हवा. आणि ट्रक-टँकरचा परवाना वेगळा. पाटी तीच दिसते, म्हणून फसू नका.”

मी दिसले की मागचे लोक अंतर ठेवत, हॉर्न कमी वाजवत. मला मोठा अभिमान वाटे.

एकदा शिलाईकाम करणारी एक मुलगी शिकायला आली. हात हलका, नजर सावध. दोन आठवड्यांत मास्तर म्हणाले, “ताई, घरच्या गाडीवर सराव करा. पाट्या घेऊन जा.” तिने आम्हांला पदराखाली धरून घरी नेलं.

तिचे वडील पाण्याचा टँकर चालवत. त्यांच्या डाव्या डोळ्यावर पडदा आला होता, त्या डोळ्याने नीट दिसत नसे. मालकाला कळलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून ते कुणाला सांगत नव्हते. एका सकाळी ते अंगणात उभे राहून डोळा चोळत राहिले.

“आज तू चालव. मी शेजारी बसतो.”

“बाबा, माझा परवाना छोट्या गाडीचा आहे.”

“पाट्या लावू की! कोण वाचतंय परवाना?”

तिने किल्ली घेतली. त्यांनीच मला तारेने टँकरच्या मागच्या शिडीला बांधलं. तार इतकी आवळली की माझा कोपरा वाकला. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर!

पहिल्या ठिकाणी अर्धं पाणी उतरवलं. दुसरं ठिकाण लॉन्ड्रीचं, चिंचोळं आवार. टँकर मागे घ्यायचा होता. वडील खाली उतरले आणि माझ्यासमोर, भिंतीकडे पाठ करून उभे राहिले.

“ये... ये... अजून ये.”

मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते एका डोळ्याने अंतर मापत होते आणि ते चुकत होतं. आरशात ते तिला दिसत नव्हते. मी जवळ जात राहिले. त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसू लागलं.

“थांब! थांब!”

तिने लगेच ब्रेक दाबला. पण अर्ध्या टाकीतलं पाणी धाडकन मागे आदळलं आणि टँकर आणखी वीतभर सरकला.

वडील वाचले. डावा पाय मात्र भिंतीशी चेंगरून गुडघ्याखाली गेला. लॉन्ड्रीवाला म्हणत होता, “पोरी, वडीलच चालवत होते, ते उतरल्यावर गाडी आपोआप मागे आली असं सांग.” पोलिस आले तेव्हा ती ताठ उभी राहून म्हणाली, “गाडी मी चालवत होते.”

तेव्हापासून मी चौकीच्या कोठीत, गळ्यात पुराव्याची चिठ्ठी अडकवून पडून आहे. माझ्यावर धूळ साचली आहे. मित्रांनो, मला कुठेही बांधण्याआधी आपल्या परवान्यावर कोणती गाडी लिहिली आहे, ते एकदा वाचा. मी सावध करते. परवानगी देत नाही.

खटला संपल्यावर ती सामान न्यायला आली होती. हवालदाराने मला उचलून विचारलं, “ही तुमच्या गाडीचीच ना?”

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “त्या गाडीची ती कधीच नव्हती.”