नाक दाबून घातलेली हाक

मित्रांनो, मी एक म्हातारी म्बोलोको आहे. आफ्रिकेतल्या सांघा नदीकाठच्या या रानातले सर्वांत लहान हरीण. सशाहून थोडी मोठी, आणि भित्री. चाहूल लागली की आम्ही आधी थिजतो, मग झुडपात बुडी मारतो.

आमचे जोडपे एकदा जमले की मरेपर्यंत टिकते. मी आणि माझा जोडीदार एका ओढ्याकाठी राहत होतो. डोळ्यांखालच्या ग्रंथींचा वास झाडांना घासून आम्ही आपली हद्द राखत असू. वर माकडे फळे खात, अर्धी खाली टाकत. त्या उष्ट्यावर आमचे पोट भरे. मला मुलगी झाली. तिला पाचोळ्यात लपवून मी दूध पाजण्यापुरती तिच्याकडे जात असे.

एका सकाळी पिलाची किंकाळी ऐकू आली. जोडीदार आवाजाकडे धावला. मी मुलीकडे धावले. ती गप्प पडून होती. मग रडले कोण? इतक्यात बार झाला.

झाडाआड मोबेया शिकारी उभा होता. नाक चिमटीत धरून तोच रडला होता. त्याची बायको सोम्बा माझ्या जोडीदाराला टोपलीत भरत होती.

"रडायला बरं जमतं तुला," ती म्हणाली. "घरात पोर रडलं की मात्र बहिरा होतोस."

मोबेया हसला आणि पुन्हा नाक दाबू लागला. तिने त्याचा हात धरला. "मादी राहू दे. पुढच्या वर्षी काय खाशील?"

म्हणून मी वाचले.

पुढे लाकडाच्या ट्रकांसाठी रस्ता झाला. त्यावरून परकी माणसे आली. ती हाक घालत नसत. पायवाटांवर तारेचे फास लावून निघून जात. माझी मुलगी मोठी होऊन ओढ्यापलीकडे राहायला गेली होती. तिची किंकाळी आली तेव्हा फसवणूक असेल असे वाटूनही मी गेले. ती खरीच होती. तार तिच्या पायात हाडापर्यंत रुतली होती. मी तिला चाटत राहिले. दुसऱ्या दिवशी ती शांत झाली. तिला न्यायलाही कोणी आले नाही. मुंग्या तेवढ्या आल्या.

मग माकडेही मारली गेली. आता वरून फळ पडत नाही.

आज मोबेया आला आहे. पाठीत वाकलेला. सोम्बाही सोबत आहे. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो रडत राहिला.

"चल घरी," ती म्हणाली. "कोणी नाही राहिलं."

"एक आहे. ओढ्यापाशी पावलं पाहिली मी."

"मग राहू दे की तिला."

"आणि आपण काय खायचं?"

मोबेयाने पुन्हा नाक चिमटीत धरले. या वेळी सोम्बाने त्याचा हात धरला नाही.

मित्रांनो, तुमच्याही रानात आमच्यासारखे कोणी असेल. त्यांच्या वाटेवरची तार काढून टाका. ते अजून दोघे आहेत तोवरच काढा.

मोबेया पुन्हा रडतो आहे. तो माणूस आहे, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या जातीचा दुसरा आवाज या रानात उरलेला नाही. मी झुडपातून बाहेर निघाले आहे.