गोधडीचा काठ

"सांध्यात पीठ अडकलं, तर कानबाई आमच्याच घरी बसेल."

मोठी जाऊ मालूबाई उंबऱ्यात उभी राहून एवढंच बोलली. दोन भावांची चूल वेगळी झाली, तेव्हा देवीचा चौरंग थोरल्यांच्या वाट्याला गेला. यंदा श्रावणात कानबाई पहिल्यांदा धाकट्या घरी, मनकर्णाकडे बसायची होती. पण उघड्या फळीवर देवी बसत नाही. चौकट हवी, आणि तिचे कोपरे बंद हवेत, चोळलेलं पीठही शिरू नये इतके.

"सुकलाल सुतार तर स्टेशनच्या कामावर गुंतलाय," मालूबाई म्हणाली.

"मी करते, जिजी."

"तू?"

"मी."

पहिली पट्टी

लाकूड आहे: मोडकी सागवानी खाट. करवत आहे: नवऱ्याची, लीलाधरची, फांद्या तोडायची, दात मोठे. फळी आहे. फळीला खाटेचेच चार पाय ठोकून झालेत.

कोन आखायला काही नाही.

मनकर्णाने किराण्याच्या पुडीचा कागद चौकोनी फाडला. टोकावर टोक ठेवून घडी घातली. गोधडीला काठ लावताना कोपऱ्यावर अशीच घडी पडते, दोन काठ तिरपे येऊन भेटतात. मग लाकूड काय वेगळं आहे?

कागद पट्टीवर ठेवला. चाकूने रेघ ओढली.

"अहो, पाय द्या. दाबून धरा."

लीलाधरने पट्टीवर पाय दिला. करवत रेघेवर चालली, मग रेघेपासून लांब चालली, मग स्वतःच्या मनाने चालली.

"चावतेय," लीलाधर म्हणाला.

"तुम्ही हलताय."

"मी हललो नाही. मी श्वाससुद्धा घेतला नाही."

काप जरासा वाकडा. जरासाच. तिने पट्टी बाजूला ठेवली, फेकली नाही.

खोबणी

घासलेटच्या पेटीच्या तीन फळ्या. एक खाली, दोन उभ्या, मध्ये पट्टी मावेल एवढी जागा. उभ्या फळ्यांवर कागदाच्या घडीने तिरपी रेघ आखायची आणि दोन्हींत करवत बसेल अशी खाच पाडायची. हेच काम सगळ्यात हळू करायचं. खाच सरळ, तर पुढचे सगळे काप सरळ.

सकाळ त्यातच गेली. कापसाच्या जिनची दुपारची शिटी झाली.

"पट्ट्या कापायच्या सोडून तू पेटीच कापत बसलीस," लीलाधर म्हणाला.

"बघाल."

दुसरी पट्टी

पट्टी खोबणीत. करवत खाचेत. रेघेवर नाही कापायचं, रेघेच्या बाहेर कापायचं, रेघ पट्टीवर राहू द्यायची. करवतीला इकडेतिकडे जायला जागाच नाही.

काप पडला. लीलाधरने त्यावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला.

पहिली पट्टी, पुन्हा

दोन्ही पट्ट्या फळीच्या कडेला लावल्या.

आखूड.

पुन्हा लावल्या. आखूडच. पट्टीचा लांब काठ फळीएवढा, पण फळीला टेकणारा आतला काठ दोन्हीकडून कमी. कोपऱ्यावर भोक, त्यातून जमीन दिसतेय.

"माप चुकलं का?"

"माप बरोबर आहे." तिने पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "गोधडीचं माप घेतलं मी. गोधडीत काठ कापडावर बसतो. इथे बाहेर लावत होते."

"खाटेचं लाकूड आणखी दोन पट्ट्यांपुरतंच उरलंय. वहिनीला सांगून टाकू?"

"काय सांगायचं? काठ वर बसवू की."

"चौरंगाला वर काठ?"

"का नाही?"

तिने दोन्ही पट्ट्या उचलून फळीच्या वर ठेवल्या. लांब काठ फळीच्या कडेला अगदी भिडला.

तिसरी. चौथी.

भराभर. खोबणी, खाच, करवत, भुसा. खोबणी, खाच, करवत, भुसा. मग खिळे.

पीठ

रविवारी सकाळी मालूबाई आली. एका हातात देवीचा नारळ, दुसऱ्यात देवीच्या नैवेद्याच्या रोटाचं वाटीभर पीठ. चौरंग बघून थांबली.

"हे काय? चौरंग की परात?"

"पीठ चोळा, जिजी."

मालूबाईने कोपऱ्यावर पीठ चोळलं, पदराने पुसलं. साफ. दुसरा साफ. तिसरा साफ. चौथ्यात केसाएवढी पांढरी रेघ उरली.

"अडकलं," मालूबाई म्हणाली. तिचा आवाज हवा तेवढा मोठा निघाला नाही.

"तो माझा पहिला काप."

मनकर्णाने स्वयंपाकघरातून पितळी पळी आणली. दांडा कोपऱ्याच्या धारेवर टेकवला आणि दाबून घासला, इकडून, मग तिकडून. लाकडाचे तंतू दबले, एकमेकांकडे झुकले.

"ही लबाडी आहे गं!"

"गोधडीवरून शेवटचा हात फिरवता, ती लबाडी असते का? चोळा पुन्हा."

मालूबाईने चोळलं. पुसलं. डोळे बारीक करून वाकली. नख फिरवलं. नख अडलं नाही.

"भाऊजी, हिला करवत तुम्ही दिली?"

"मी फक्त पाय दिला, वहिनी."

मालूबाई हसली नाही, पण तोंड दुसरीकडे फिरवलं. मग स्वतःच सुपातले गहू चौरंगावर ओतले. रास पसरली, काठापर्यंत गेली, तिथे थांबली. एक दाणा खाली पडला नाही. तिने राशीवर कलश ठेवला, कलशावर नारळ ठेवला, नारळावरची देवीची नथ सरळ केली.

"आमच्या चौरंगावरून दरसाल गहू सांडतात," ती नारळाकडे बघत म्हणाली. "दरसाल मीच वेचते."

मनकर्णाने रिकामं सूप उचलून भिंतीशी ठेवलं.

"उद्या विसर्जन झालं, की करवत मोकळी असेल ना तुझी?"

"करवत पण, जिजी. खोबणी पण."