टिप्याने धरलेला शेला

मी खुर्ची बोलतेय. मला सिंहासन म्हणाल तर चावेन, आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म १९८४चा, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला. तिथल्या फर्निचरच्या कारखान्यात सुदाम सुतार होता. एका जुन्या संस्थानाच्या वारसाने, त्याला सगळे राजेसाहेब म्हणत, सिंहाची तोंडं असलेली खुर्ची मागवली. सुदामने सिंह जन्मात पाहिला नव्हता. कारखान्याच्या दारात टिप्या नावाचा कुत्रा झोपायचा, त्यालाच त्याने समोर बसवलं. फाटका कान, बाहेर आलेला सुळा, सगळं जसंच्या तसं कोरलं आणि वर आयाळ चढवली. झाला सिंह! पॉलिशवाल्याकडे खुर्च्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून, नेहमीच्या सवयीने, माझ्या पोटाखाली पटाशीने कोरलं: 'सुदाम, कॅम्प ४, ८४'. मग टेम्पोतून स्वतः मला राजवाड्यात पोचवलं.

राजेसाहेबाने मला दोरीआड ठेवून पाटी लावली: 'तीनशे वर्षांपूर्वीचं सिंहासन'. लोक तिकीट काढून बघायला येत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

ब्याण्णव साली सुदामच्या वस्तीची सहल आली. बसवाल्याने दोनच तास दिले होते. बघायचा तर राजवाडा, नाहीतर समोरचं, गावातल्या मुलींना शिकवणाऱ्या चांगुणाबाईंचं जपून ठेवलेलं घर. सुदाम आणि त्याची बायको अंजना भांडतच आत आले.

"मला बाईंची चूल बघायची होती. राजाचे पलंग बघून काय करू?"

"अगं, माझी खुर्ची आहे आत. एकदाच बघू दे ना!"

मला बघून त्याचे डोळे भरले. दोरीवरून वाकून त्याने तो फाटका कान चोळला. "काय रे टिप्या, ओळखलंस?"

तेवढ्यात राजेसाहेब पाहुणे घेऊन आला. "ए, हात काढ! पूर्वजांचं सिंहासन आहे ते."

"साहेब, मी सुदाम. मीच बनवली ना ही."

राजेसाहेबाने त्याला पक्कं ओळखलं होतं. तरी म्हणाला, "तुमच्या सात पिढ्यांना जमेल का असलं काम? काढा रे याला बाहेर!"

शिपायाने दंड धरला. सुदाम खाली मान घालून निघाला. आणि तो मेला राजेसाहेब ऐटीत माझ्यावर बसला, फोटोसाठी! आता सोडायचं नाही, मी ठरवलं. पाय मोडून पाडता आलं असतं, पण लोकांनी सुदामच्या कामालाच नावं ठेवली असती. तो उठला, तशी टिप्याच्या सुळ्याने त्याचा जरीचा शेला धरला. त्याने हिसका दिला, आणि त्याच्यासकट मी धाडकन उलटी! पोट वर.

पाहुण्यांनी नाव वाचलं. एकाने विचारलं, "तीनशे वर्षांपूर्वी कॅम्प चार होता का हो?"

"मोठ्याने वाचा की!" अंजना दारातून ओरडली. "हाच तो सुदाम!"

काय हशा पिकला! माझा मात्र एकही सांधा हलला नव्हता.

राजेसाहेबाने मला अडगळीत फेकलं. समोरचं बाईंचं घर सांभाळणाऱ्यांनी मला मागून घेतलं. आता बाईंच्या ओसरीवर असते, पाटीवर सुदामचं नाव आहे. पुढच्या वर्षी अंजनाने पोटभर चूल बघितली, तोवर सुदाम माझ्यावर बसून राहिला, पहिल्यांदाच. राजेसाहेब इथून जाताना गाडीची काच वर करतो. मला फार बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

तुमच्याकडेही दोनच तास असले तर इकडेच या. दोरी नाही, खुशाल बसा. पण बनवणाऱ्याला हसणार असाल, तर उठताना शेला सांभाळा. टिप्याचा सुळा अजून शाबूत आहे.