दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येणारं पॅडल

दादासोच्या गॅरेजात मी रोज सकाळी पेपर वाचायला बसतो. घर शेजारीच आहे. वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून घरात पेपर उघडला की बायको, शकुंतला, पुढ्यात मेथीची जुडी आणून ठेवते. मलकापूरच्या त्या गॅरेजात माझ्याकडून कुणाला कसलीच अपेक्षा नसते. तिथं मी एकदाच तोंड उघडलं होतं. बंद पडलेल्या एका स्कूटरकडं बघून ‘प्लग गेला असावा’ म्हणालो, आणि टाकीत पेट्रोलच नव्हतं. त्याला चार वर्षं झाली. अजून कुणी गाडी ढकलत आणली की दादासो आधी माझ्याकडं वळून विचारतो, “काय सर, प्लग का?”

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, आप्पासोची पिकअप सकाळीच गॅरेजात परत आली. सोळा वर्षांची गाडी. आप्पासो माणदेशातला मेंढपाळ, कळप घेऊन कोकणात निघालेला. चार दिवसांपूर्वी इथून जाताना पुढच्या चाकांना ब्रेक लावणारे कॅलिपर जाम झाले होते, म्हणून दादासोनं जुन्या बाजारातले दोन आणून बसवले. तेव्हापासून ब्रेकचं पॅडल पार खाली जात होतं. दुसऱ्यांदा दाबलं की वर यायचं. काल रात्री कळपाचा तळ कोयनेकाठी होता. आज पहाटे आप्पासोचा भाऊ बिरदेव मेंढरं घेऊन कुंभार्ली घाट उतरायला लागला, आणि आप्पासो गाडी घेऊन उलटा इकडं आला. गाडीत मागं जाळीखाली कोकरं होती, पुढं त्याची आई दगडाबाई. कोकरांच्या आया घाटात चालत होत्या. संध्याकाळी गाडी खाली पोचलीच पाहिजे होती.

दादासोनं मास्टर सिलिंडरचं किट बदललं. मागच्या ड्रमचे लायनर जवळ घेतले. ऑइलच्या नळ्यांत हवा राहिली की पॅडल खाली जातं, म्हणून तीनदा हवा काढली. पॅडल खालीच.

“जुनी गाडी हाय, आप्पासो. दोनदा दाबायचं आन् उतरायचं. लय गाड्या चालत्यात अशा.”

“घाटात दोनदा दाबाय टाइम गावतोय व्हय रं?”

“मग हळू जा की गड्या. तुला कुणी शर्यतीत घातलंय?”

तेवढ्यात माझ्या पेपरातलं एक पान उडून चाकाजवळ गेलं. ते उचलायला वाकलो तेव्हा मला हवा काढायचा निपल दिसला. दादासोनं त्याला पारदर्शक नळी लावली होती, नळीचं दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत. निपल कॅलिपरच्या तळाशी होता. बाटलीत एकही बुडबुडा नव्हता.

हवा वर जाते. मग ती खालच्या भोकातून कशी निघेल?

एवढा साधा विचार दादासोला सुचला नसेल, हे मला पटेना. पंचवीस वर्षं तो हेच काम करतोय. मी पेपराची घडी घातली, उलगडली, परत घातली.

दगडाबाई गाडीतून उतरून माझ्यापाशी आली. “आवं मास्तर, तुमी शिकल्याली मानसं. झालं का वो गाडीचं नीट?”

दादासो ऐकत होता.

“झालं असावं,” मी म्हणालो, आणि उठून घरी आलो.

वाचनालयानं रद्दीत काढलेलं मोटारदुरुस्तीचं एक पुस्तक माझ्याकडं होतं. ते शोधलं. चित्रात निपल वरच्या अंगाला होता. पण पुस्तक जुनं, चित्र मोटारीचं. पिकअपचं वेगळं असेल. मी चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या.

“अहो, एक काय ते करा,” शकुंतला म्हणाली. “मघापासून उंबऱ्यात उभे आहात. काय झालंय?”

“काही नाही.”

बाहेर इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मी तसाच धावत गेलो आणि पिकअपपुढं उभा राहिलो. हातात पुस्तक होतं ते लपवायला जागा नव्हती.

“काय सर, प्लग का?” दादासो हसला.

“दादासो, मला कळत नाही यातलं. पण हवा वर जाते ना?”

“जाती की.”

“मग निपल खाली का आहे?”

“सर, आता कामाच्या टायमाला…” म्हणत तो वाकला. मग दुसऱ्या बाजूला गेला. तिथल्या चाकामागंही वाकून बघितलं.

“च्यायला,” शेवटी तो म्हणाला. “डावा उजवीकडं बसलाय, उजवा डावीकडं. म्हनून निपल खाली.”

कॅलिपरची अदलाबदल करायला तासाहून जास्त वेळ गेला. आप्पासो बाटलीनं कोकरांना दूध पाजत होता, म्हणून दादासोनं मलाच गाडीत बसवलं. “दाब म्हटलं की दाबायचं. सोड म्हनंस्तवर पाय हालवायचा न्हाई.” मी दाबत राहिलो. नळीतून बुडबुडे निघत असल्याचं दादासो खालून ओरडून सांगत होता. चौथ्या-पाचव्या वेळी पॅडल माझ्या पायाखाली मध्येच थांबलं, टणक झालं.

“झालं,” मी म्हणालो. दादासोनं बाहेर एक चक्कर मारून आणली आणि मान हलवली. माझ्याकडं बघितलं नाही.

दगडाबाई मात्र बघत होती. “मगाशी बी झालं म्हनला हुतासा. आता बी झालं म्हनताय. कंचं खरं धरायचं?”

“आता खरोखर झालंय, आजी.”

“तवा का न्हाई बोलला? आमी निघालो हुतो की.”

‘मी लाजलो’ हे उत्तर कोकरं भरलेल्या गाडीपुढं उभं राहून देता येत नाही. “मी येतो तुमच्याबरोबर,” मी म्हणालो. “घाट उतरेपर्यंत.”

“आई, आगं ऱ्हाऊ दे, म्हातारं मानूस…” आप्पासो म्हणाला.

“म्हातारी मी बी हाय. बसू दे,” असं म्हणून ती आत सरकली.

पाटण येईपर्यंत मी आप्पासोच्या उजव्या पायाशिवाय काही पाहिलं नाही. कॅलिपरला जोडलेल्या ब्रेकच्या नळीचं वॉशर नीट बसलं असेल का? मी पाय वेळेआधी तर सोडला नव्हता? शकुंतलाचा फोन आला. “कुठं आहात?” “पाटणला.” “पाटणला? कशाला?” “ब्रेक बघायला,” म्हटलं आणि फोन खिशात टाकला.

घाटाच्या तोंडाशी आप्पासोनं गाडी बाजूला घेतली. “उतरा मास्तर. हितनं यस्टी मिळंल तुमाला.”

दगडाबाई समोर काचेतून खाली जाणारा रस्ता बघत होती.

“नको, चला,” मी म्हणालो.

पहिल्याच वळणावर समोरून ट्रक आला. मागं कोकरं एका बाजूला कलंडून ओरडली. आप्पासोनं पाय दाबला. एकदाच. गाडी जागच्या जागी थांबली.

दगडाबाईनं माझा धरलेला हात सोडला. तिनं तो कधी धरला होता ते मला कळलंही नव्हतं.

“अजून किती वळणं आहेत?” मी विचारलं.

“मोजली न्हाईत कवा,” आप्पासो म्हणाला आणि गिअर बदलला. मी पुन्हा त्याच्या पायाकडं बघायला लागलो.