रुपरावांचा रेझर

धर्मेंद्रनं ब्रश वाटीत गरगर फिरवला, पण फेस काही येईना. साबणाचं पाणी तेवढं मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेलं. मोबाईलवरच्या माणसानं दोन मिनिटांत वाटी भरून फेस काढून दाखवला होता. धर्मेंद्रनं मोबाईल पालथा घातला आणि पुन्हा ब्रश फिरवायला लागला.

"पाणी जास्त होऊन राहिलं," त्याची बायको काजल स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "मामाजी ब्रश पिळून घ्यायचे."

त्यानं ब्रश पिळला. मग फेस आला.

वाटी, ब्रश, रेझर, सगळं मामाजींचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं. रुपराव चौतीस वर्षं सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत होते. पाळीवरून आलं की आधी दाढी, मग चहा. रिटायर होऊन नागपुरात मुलाकडे राहायला आले तरी नेम सुटला नाही. रोज सकाळी अंगणात स्टूल, स्टुलावर आरसा आणि हनुवटी वर करून बसलेले रुपराव. मार्चमध्ये उजव्या अंगावरून वारं गेलं आणि नेमच काय, बोलणंही गेलं.

डॉक्टरांनी धर्मेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हात थोडाफार येईल, जीभही वळेल, पण माणसानं मनातूनच सोडलं तर औषध काय करणार? आणि रुपरावांनी तर सोडलंच होतं. व्यायाम करून घेणारी बाई आली की डोळे मिटून घ्यायचे. जेवण चार घास, तेही काजलनं हातापाया पडून. दिवसभर भिंतीकडे तोंड. पांढरी दाढी गळ्यापर्यंत उतरली होती आणि तिच्यात वरणाचे डाग वाळलेले असायचे. चौकातले नानाजी न्हावी वस्तरा घेऊन घरी आले, तर रुपरावांनी चांगल्या हातानं त्यांना असं काही ढकललं की म्हातारा पेटी उचलून चालता झाला. जाताना म्हणाला, "माह्यानं नाही होत गा. तूच पाय."

तूच पाहा म्हणणं सोपं. धर्मेंद्रचा जन्म गेला गालावर ट्रिमरचं मशीन फिरवण्यात. पण बापाच्या गळ्यावर पातं ठेवायचं तर आधी आपल्या गालावर शिकावं, एवढं त्याला कळत होतं. आज रविवार, हिंगण्याच्या कंपनीला सुट्टी होती.

खरं सांगायचं तर त्याला यातलं काही मनापासून वाटत होतं असंही नाही. दवाखान्यात रडू आलं नव्हतं, घरी आणल्यावर आनंद झाला नव्हता. उठायचं, बापाचं अंग पुसायचं, कूस बदलायची, गाडीला किक मारायची. लोक विचारत, कसं आहे गा? तो सांगे, ठीक आहे. आत सगळं थंडीतल्या खोबरेल तेलासारखं गोठून बसलं होतं.

डावा गाल झाला. दाबायचं नसतं, हे तिसऱ्या कापानंतर कळलं. रेझर आपल्या वजनानंच चालतो, आपण नुसता धरायचा. उजवा गाल बरा निघाला. ओठाच्या कोपऱ्याशी मात्र त्यानं मनगट वळवलं आणि एक गोष्ट विसरला. या रेझरला दोन्हीकडून धार असते. खालची धार गालावर होती तेव्हा वरची मिशीत शिरली, आणि मिशीचं टोक फेसासकट बेसिनमध्ये पडलं.

मग त्यानं दुसरं टोक बारीक केलं. ते जास्तच बारीक झालं. म्हणून पुन्हा पहिलं. दोन मांजरांचं लोणी माकडानं वाटावं तशी मिशी संपत गेली. शेवटी नाकाखाली जे काही उरलं ते पाहून काजलनं ओढणी तोंडाला लावली.

"काढून टाका बापा आता सगळीच. असं तोंड घेऊन बाहेर जासान काय?"

त्यानं ती काढली. वरून तुरटी फिरवली. एवढ्या कापांवर तुरटी लागली की माणूस नाचतो, पण याला झोंबली की नाही तेही कळलं नाही. पातं खराब झालं होतं. बाबांसाठी नवं आणतो म्हणून त्यानं डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळला आणि चौकात गेला. मे महिन्यात नागपुरात उघड्या डोक्यानं निघायची कोणाची छाती आहे?

दुकानाच्या बाकावर चंपतराव पेपर वाचत बसले होते. रुपरावांचे खाणीतले जोडीदार, आता मागच्याच गल्लीत राहणारे. त्यांनी धर्मेंद्रकडे पाहिलं आणि पेपर त्यांच्या मांडीवरून खाली सरकला. ते उठले, जवळ आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"खचू नको बेटा. आम्ही हावो."

"हो काका," धर्मेंद्र म्हणाला. दोन महिने सगळे हेच म्हणत होते. त्यानं पातं घेतलं. मागे दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलं, तेव्हा त्याला वाटलं, उन्हासाठी असेल.

घरी येऊन त्यानं वडिलांना उशांच्या आधारानं बसवलं आणि गळ्याभोवती टॉवेल बांधला. रुपराव भिंतीकडेच बघत होते. मुलाकडे त्यांनी मानही वळवली नाही. धर्मेंद्रनं गरम पाणी आणलं, ब्रश भिजवला, पिळला. एवढ्यात अंगणात चपला वाजल्या.

चंपतराव होते आणि मागे गल्लीतली पाच-सहा माणसं, खांद्यावर टॉवेल टाकलेली. चंपतरावांची बायको प्रेमलता चहाची किटली घेऊन आली होती, कारण अशा घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. किटली खाली ठेवून तिनं काजलच्या गळ्यात हात टाकले.

"माय वं! कसं झालं वं असं!"

काजलचे हात पिठात. "काय झालं मावशी?"

"सावनेरले फोन केला म्या," चंपतराव नाक पुसत आत येत म्हणाले. "तुही आत्या, शामलाताई, निघून राहिली. उन्ह उतरलं का उचलू..."

ते जागीच थबकले. समोर रुपराव बसले होते, टॉवेल बांधून, डोळे उघडे.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, हा बुढा तं जित्ता हाय!"

चंपतरावांनी धर्मेंद्रच्या उघड्या ओठाकडे बोट केलं. "मंग हे काय होय?"

धर्मेंद्रचा हात ओठावर गेला. मुलगा मिशी उतरवतो ती बाप गेल्यावर. बाप जिवंत असताना तिला हात लावायचा नसतो, हे या घरात कोणाला शिकवावं लागत नाही. आणि त्याला काय, काजललाही ते आठवलंसुद्धा नव्हतं. भिंतीकडे तोंड फिरवून बसलेल्या बापानं सोडलं होतं, ते ठीक. पण आपणही मनातून त्यांना कधीच पोचवून आलो होतो की काय? त्याला लाज वाटली. दोन महिन्यांत पहिल्यांदा काही वाटलं, ते हे.

"हात घसरला काका," तो म्हणाला. "बाबांची दाढी करायची होती. शिकून राहिलो होतो."

रुपरावांनी मान वळवली. आधी मुलाचा ओठ पाहिला, मग चंपतरावांच्या खांद्यावरचा टॉवेल, मग किटली. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचा डावा हात हळूहळू वर आला आणि दोन बोटं त्यांनी स्वतःच्याच नाकाखाली धरली. श्वास आहे का, म्हणून मेलेल्या माणसाच्या नाकाशी धरतात तशी. थोडं थांबले. मग चंपतरावांकडे पाहून मान हलवली. चालू आहे.

त्यांच्या अर्ध्या तोंडातून घर्र घर्र आवाज निघाला. काजलला वाटलं ठसका लागला, ती पाणी घेऊन धावली. म्हातारा हसत होता.

हसणं थांबल्यावर त्यांनी बोटानं गालावर टकटक केलं.

धर्मेंद्रनं फेस लावला. चांगल्या गालाला रुपराव आतून जीभ लावून देत होते. दुसऱ्या गालाला काही कळत नव्हतं, तिथे धर्मेंद्रनं अंगठ्यानं कातडी ताणली आणि रेझर नुसता धरला, दाबला नाही. दोन महिन्यांचं पांढरं जंगल टॉवेलवर उतरत गेलं. रेझर ओठाच्या कोपऱ्याशी आला तसा डावा हात पुन्हा वर आला. रुपरावांनी तळवा आपल्या मिशीवर झाकून धरला.

"नाही घेत, बाबा. खरंच नाही घेत."

हात निघाला नाही. वरून दोन डोळे त्याच्यावर रोखलेले, या पोराचा काय भरवसा म्हणणारे.

धर्मेंद्रच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते उघड्या ओठावरच्या कापांत उतरलं आणि असं झोंबलं की त्याला रेझर बाजूला ठेवावा लागला.

बाहेर अंगणात चंपतराव फोनवर ओरडत होते.

"हॅलो, शामलाताई! यायचं तं या, पण रडत नोका येऊ. रुपराव दाढी करून राहिले."