पूजेतला राउटर

आमच्या ह्यांना, म्हणजे सुभानरावांना, दसऱ्याला काय पुजावं याचा पोच उरलेला नाही. घरातल्या तलवारी, रिफायनरीतून निवृत्त होताना आणलेली हत्यारांची पेटी, हे ठीक. पण यंदा खंडेनवमीला त्यांनी राउटरलाही हळदकुंकू वाहिलं आणि तलवारींच्या पत्र्याच्या कपाटात बसवला. वायर फटीतून आत, दार बंद. "आजच्या जमान्याचं शस्त्र आहे ते," म्हणे! आणि पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवायची नाही, हा घराण्याचा नियम.

दसऱ्याच्याच दुपारी आमच्या धाकट्या लेकीची, आभाची, मुलाखत होती, जर्मनीतल्या विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी, लॅपटॉपवर. पोरगी वर्षभर राबली होती त्यासाठी. जर्मनांना कुठला आलाय दसरा!

सकाळी तिने मैत्रिणीशी बोलून पाहिलं, तर चित्र गोठलेलं, आवाज तुटका. ह्यांनी लगेच सूत्रं हातात घेतली. लॅपटॉप बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. अँटिव्हायरस काढून टाकला, मग तो परत घालता येईना. शेवटी मांडवी बाजारातल्या दुकानातून निहार नावाचा गुजराती दीडशहाणा बोलावला. त्याने चपला काढता काढताच निदान केलं, "आंटी, लॅपटॉप जूनुं छे, राउटर साथे मॅच नथी थतुं. नवुं लई लो." म्हणजे नवाच घ्या! राउटर आहे कुठे, हेसुद्धा त्या बृहस्पतीने विचारलं नाही. राउटरचे दिवे लागलेत, मी स्वतः पाहिलेत, असं हे छातीठोकपणे सांगत होते, म्हणून आम्हीही कपाटाकडे फिरकलो नाही.

आभा लॅपटॉप तान्ह्या पोरासारखा हातावर घेऊन खोलीखोलीतून फिरत होती. अगदी रडकुंडीला आली होती.

मी नैवेद्य दाखवायला कपाट उघडलं, आणि मागून ती ओरडली, "आई, नेट आलं! दार लावू नकोस!"

"लाव ते दार," हे म्हणाले.

माझं डोकं सणकलं. "अहो, जन्मभर रिफायनरीत यंत्रं सांभाळलीत ना? पत्र्याआडून वायरलेस येत नाही, एवढंही कळत नाही?"

"कळतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "क्षितिजही दोनच वर्षांसाठी गेला होता, विजयमाला."

क्षितिज आमचा थोरला. परतलाच नाही, अमेरिकेतून सणासुदीला फोन करतो. तरी मी राउटर उचलला, लांब वायर ओढून घेत हळदकुंकवासकट आभाच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

आतून तिचा आवाज येऊ लागला, कुठेही न अडखळणारा. मी ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. तिला नाही म्हणोत ते लोक, असं क्षणभर माझ्याही मनात आलं, आणि ह्यांच्यापेक्षा मला माझीच जास्त चीड आली.