धारवण्याची बंद वाट

शेवंती साळसकर निवृत्त झाली त्याला चार महिने झाले होते. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिने तेहेतीस वर्षं मावशी म्हणून काढली होती. पेशंटना उचलणं, बसवणं, पहिल्या दिवशी चालवणं, हेच तिचं काम. लालबागची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात चौदाव्या मजल्यावर ती, मुलगा मयूर आणि सून श्रेया राहत. आता दिवसभर घरी बसून तिला करमत नव्हतं, पण ते ती कुणाला सांगत नव्हती.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी श्रेयाने मोबाइल तिच्यापुढे धरला. "आई, हे तुमचंच गाव ना?"

तिचंच होतं. वैभववाडी तालुक्यातलं धारवणे, तिचं माहेर. दादरची एक संस्था पावसाळा संपला की शनिवार-रविवारी शहरातल्या लोकांना तिकडे नेत होती. नदीकाठी तंबू, कोंडीत, म्हणजे डोहात, पोहणं, काजूच्या बागेतून फेरफटका, चुलीवरचं जेवण. फोटोत एक मुलगी कोंडीतल्या काळ्या खडकावर पाय सोडून बसली होती. शेवंतीच्या आईने त्या खडकावर जन्मभर गोधड्या आपटल्या होत्या. सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'घाटमाथ्यावर जाणारी जुनी पायवाट बंद आहे.'

"बंद कशी असेल?" शेवंती म्हणाली. "आई डोक्यावर मीठ आणि सुकी मच्छी घेऊन वरच्या बाजाराला जायची. मी तिच्या मागून. बारा वर्षांची होईपर्यंत कितीदा गेलेय."

"त्याला पंचेचाळीस वर्षं झाली गं," मयूर म्हणाला. "आता वर एसटी जाते. त्या वाटेने कोण कशाला जाईल?"

"हे लोक जातील की. त्यांना चालायलाच तर यायचंय."

दुसऱ्या दिवशी ती दादरला गेली. संस्थेचं ऑफिस पोर्तुगीज चर्चच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. भिंतीला दोर टांगलेले, कोपऱ्यात तंबूंच्या पिशव्या. संस्था चालवणारा रॉयस्टन चाळिशीचा होता, दादरमध्येच वाढलेला. त्याने तिला खुर्ची दिली, वाटेची सगळी हकिकत ऐकून घेतली.

"आंटी, खरं सांगू? प्रत्येक बॅचला लोक मला विचारतात, वर जायला रस्ता नाही का म्हणून. पण गावातली पोरं म्हणतात, आम्हाला माहीत नाही. म्हातारी माणसं म्हणतात, होता. होता म्हणजे काय, ते कोणी दाखवत नाही."

"मी दाखवते."

"तुमचं वय काय?"

"अठ्ठावन्न."

रॉयस्टन खुर्चीत पुढे सरकला. "राग मानू नका. माझ्यामागे पंधरा-वीस लोक असतात. कोणाचा पाय घसरला, कोणाला चक्कर आली, तर जबाबदारी माझी. वाटाड्या जो असेल, त्याने आठ किलोची सॅक घेऊन तीन तास चढायला पाहिजे. प्रथमोपचाराचा कोर्स केलेला पाहिजे. आणि आधी माझ्याबरोबर येऊन वाट दाखवायला पाहिजे. नियम सगळ्यांना सेम."

"ठीक आहे," शेवंती म्हणाली. "कोर्स कधी आहे?"

ती हसत नव्हती हे बघून रॉयस्टनने टेबलावरची वही पुढे ओढली आणि तिचं नाव लिहून घेतलं.

टॉवरचा जिना कुणी वापरत नसे. सगळे लिफ्टने जात. सकाळी साडेपाचला शेवंती मयूरच्या जुन्या कॉलेज-बॅगेत दोन किलो तांदूळ भरून तळमजल्यावरून चढायला लागली. पहिल्या दिवशी सहाव्या मजल्यावर तिला भिंत धरावी लागली. तिथेच पायरीवर बसून तिने स्वतःची नाडी मोजली, थांबली, आणि पुन्हा निघाली. दर आठवड्याला ती बॅगेत किलोभर तांदूळ वाढवी. वॉचमनने मयूरला विचारलं, "लिफ्ट बंद आहे का? तुमच्या मदर रोज चालत जातात."

मयूर त्या रात्री चिडलाच. "आई, गुडघे गेले तर? लोक काय म्हणतील, रिटायर झाल्यावर पोराने आईला हमालीला लावलं?"

"लोकांना सांग, आई माहेरी जायची तयारी करतेय."

"मी सिरियसली बोलतोय."

"मीपण," शेवंती म्हणाली. "तेहेतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, उठा, चाला, झोपून राहिलात तर पाय जातील. आता मला झोपवू नकोस."

 दोन दिवसांनी मयूरने तिच्यासाठी चांगले बूट आणले आणि दाराशी ठेवले.

प्रथमोपचाराच्या वर्गात बाकीचे सगळे पंचविशीतले होते. स्लाइड इंग्रजीत होत्या. शेवंती शेजारच्या मुलीला विचारून विचारून मराठीत लिहून घेई. तिसऱ्या दिवशी जखमी माणसाला उचलण्याचा सराव होता. चौघांनी मिळून उचललं तरी माणूस एका बाजूला कलंडत होता. शेवंती पुढे झाली. "मान मी धरते. तुम्ही कमरेखाली हात घाला. मी तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम, कोणी आधी नाही." माणूस सरळ उचलला गेला. शिकवणाऱ्या डॉक्टरने तिच्याकडून ते पुन्हा दोनदा करून घेतलं. त्या दिवसापासून वर्गात सगळे तिला मावशी म्हणायला लागले, रॉयस्टनही.

नोव्हेंबरच्या शेवटी ती आणि रॉयस्टन धारवण्याला गेले. वनखात्याची परवानगी त्याने काढली होती. पहिला तास शेवंती भराभर चालली. आंब्याचं झाड, पाण्याचं टाकं, दगडात कोरलेल्या पायऱ्या, सगळं जिथल्या तिथे होतं. ती मागे वळून एकेक दाखवत होती. मग वाट एका वळणावर गेली आणि तिथे संपली. डोंगराची अख्खी कूस खाली सरकली होती. पुढे नुसता मुरूम, सुटे धोंडे आणि खाली खोल ओढा. पलीकडे शंभरेक फुटांवर वाटेचं दुसरं टोक दिसत होतं.

तिने डावीकडून बघितलं, खालून बघितलं. करवंदीच्या जाळीत शिरून हात ओरबाडून घेतले. दोन तासांनी रॉयस्टन म्हणाला, "मावशी, चला. काळोख व्हायच्या आत उतरायला पाहिजे."

 खाली येऊन तंबूपाशी बसल्यावर रॉयस्टन म्हणाला, "तुम्ही सांगितलेलं सगळं खरं निघालं. दरड काही तुमची चूक नाही. सोडून द्या. कोंडीपर्यंतची बॅच तुम्ही माझ्याबरोबर करा. लोकांना गोष्टी सांगा. लोकांना आवडेल."

"गोष्टी सांगायला मी जिने चढले नाही," शेवंती म्हणाली. आणि ती बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

मुंबईला परतल्यावर आठ दिवस ती अंगाने घरात होती, एवढंच. भाजी चिरताना, पोळ्या लाटताना तो मुरूम डोळ्यांपुढे येई. तिला वाईट याचं वाटत होतं की पुढे काय आहे हे माहीत नसताना ती 'मी दाखवते' म्हणून मोकळी झाली होती. शेवटी तिने गावात एकट्या राहणाऱ्या भावजयीला, रमाबाईला, फोन लावला. रमाबाई तिच्याहून चार वर्षांनी मोठी, त्याच गावात सून म्हणून आलेली आणि तिथेच राहिलेली.

सगळं ऐकून रमाबाई म्हणाली, "आमी बायका लाकडांका जायचो ती वाट येगळी. ती दरडीच्या वरसून जाता. तू लग्न करून मुंबैक गेलंस, तुका ती ठावक नाय."

"मग वयनी, तेव्हा बोलली का नाहीस?"

"माका कोणी इचारल्यान?"

 नोव्हेंबरात गावात दोन दिवस राहून, रमाबाईच्या हातचं जेवून, शेवंतीने तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

जानेवारीत ती पंधरा दिवसांसाठी गावी गेली. रोज सकाळी दोघी कोयते, पाण्याच्या बाटल्या आणि भाकऱ्या घेऊन निघत. लाकडांची वाट दरडीच्या बरीच आधी उजवीकडे फुटत होती आणि वीस वर्षांत कुणी न गेल्यामुळे पार बुजली होती. दोघी फक्त अंगावर येणाऱ्या फांद्या आणि काटेरी वेली तोडत. रमाबाई पुढे, शेवंती मागे. दिवसाला कधी दोनशे पावलं पुढे सरकत, कधी पन्नास. सहाव्या दिवशी रमाबाईही चुकली. दोघी एका कड्याखाली येऊन थांबल्या आणि तीन दिवसांचं काम सोडून मागे फिरल्या. अकराव्या दिवशी त्या एका अरुंद कपारीतून वाकून पलीकडे निघाल्या आणि समोर जुन्या पायऱ्या दिसल्या. दरड खाली राहिली होती.

"ह्याच गो," रमाबाई म्हणाली आणि तिथेच बसून तिने भाकरीचं फडकं सोडलं.

उरलेल्या दिवसांत शेवंतीने वळणावळणावर दगडांना चुन्याचे ठिपके दिले आणि कुठून कुठे किती मिनिटं लागतात ते लिहून काढलं. मग तिने रॉयस्टनला फोन केला. तो दोर घेऊन आला. कपारीच्या तोंडाशी हाताने धरायला दोर कुठे बांधायचा ते त्याने ठरवलं, दोघींबरोबर माथ्यापर्यंत गेला आणि तिथल्या वाऱ्यात उभा राहून म्हणाला, "बारा लोक. त्याच्यावर एक नाही. फेब्रुवारीचा दुसरा रविवार."

"आणि वाटाडे दोन," शेवंती म्हणाली. "वयनी पण. तिचं नाव माझ्या आधी लिहायचं."

"कोर्स नाही केला त्यांनी."

"मार्चमध्ये करेल. तोवर मी आहे, तू आहेस."

रॉयस्टनने मान डोलावली.

त्या रविवारी बारा जण सातला निघाले. रमाबाई पुढे, मध्ये शेवंती, शेवटी रॉयस्टन. दादर, माहीम, गिरगावहून आलेली माणसं, बरीचशी ऑफिसात काम करणारी. कपारीच्या अलीकडे वीस पावलं अशी होती की एका बाजूला दरी दिसत होती. दहा जण दोर धरून पलीकडे गेले. अकरावी होती फणसवाडीत राहणारी, तिशीतली, पूर्वी नावाची बाई. ती पाच पावलं गेली आणि थांबली. दोर दोन्ही हातांनी धरून ती डोंगराला चिकटली. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं काही नाही होत, ये."

"तुम्ही गप्प राहा," शेवंती त्याला म्हणाली. ती पूर्वीपाशी गेली आणि तिचं मनगट धरलं. नाडी फार जोरात पळत होती. "खाली बस. पाठ डोंगराला टेक. सकाळी काय खाल्लंस?"

"पोहे."

"किती?"

"दोन चमचे. जात नव्हते." पूर्वीचे डोळे भरले. "मावशी, मला नाही जमणार. सगळ्यांचा खोळंबा होतोय. पण परत कशी जाऊ?"

शेवंतीने वर बघितलं. माथा फक्त चाळीस मिनिटांवर होता. पहिल्या बॅचबरोबर तिथे उभं राहायचं, आई टोपली उतरवायची ती जागा लोकांना दाखवायची, हे तिने मनात किती वेळा योजलं होतं. ढकलून, गोड बोलून पूर्वीला पलीकडे नेता आलं असतं. पण येताना पुन्हा हीच वीस पावलं होती, तीही दमलेल्या पायांनी.

"परत जायला मी आहे ना," ती म्हणाली. मग आवाज देऊन तिने सांगितलं, "वयनी, तू सगळ्यांका घेऊन वर जा. रॉयस्टन, तू त्यांच्याबरोबर. आम्ही दोघी उतरतोय."

"मावशी, मी उतरतो हिच्याबरोबर," रॉयस्टन म्हणाला. "तुम्ही वर जा. तुमचा दिवस आहे."

"दोराला तू लागतोस. मी नाही. जा."

दोघी सावकाश उतरल्या. टाक्यापाशी शेवंतीने पूर्वीला गूळ आणि शेंगदाणे खायला लावले. वाटेत पूर्वीने दोनदा माफी मागायला सुरुवात केली, दोन्ही वेळा शेवंतीने तिला पुढचा दगड कुठे आहे ते दाखवलं. साडेबाराला त्या कोंडीवर पोचल्या. पूर्वी पाण्यात पाय सोडून बसली आणि मग हळूहळू बोलायला लागली. शेवंती ऐकत होती, पण तिचं लक्ष सारखं वरच्या कड्याकडे जात होतं. माथ्यावर जेवायला थांबलेली माणसं एकदा तिला तिथे हलताना दिसली, अगदी बारीक. ती मोजायला लागली. नऊवर मोजणी चुकली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजली. अकरा लोक, रमाबाई आणि रॉयस्टन. तेरा भरले.

"पोचले?" पूर्वीने विचारलं.

"पोचले," शेवंती म्हणाली आणि बूट काढून तिनेही पाय पाण्यात सोडले.